तुझ्या खुर्चीवरून दिलेलं मत

शैलाताई,

आज तुझ्या खुर्चीवर बसले आणि तुझ्या विरोधात मत दिलं. ठराव एका मताने पडला. ते एक मत माझं होतं, आणि तू गेली नसतीस तर ते माझ्याकडे आलंच नसतं. दुपारपासून हे वाक्य मी निरनिराळ्या तऱ्हांनी मनात मांडून बघते आहे. एकदा वाटतं, यात काय वावगं, नियमच तसा आहे. लगेच वाटतं, लोक म्हणतील हिने मैत्रिणीच्या चितेवर आपली पोळी भाजून घेतली. आणि लोकांचं सोड, मलाच तसं वाटतं.

घरी येऊन गॅलरी झाडली. झाडलेलीच पुन्हा झाडली. ऋतुजा म्हणाली, "मावशी, बसा ना जरा, चहा करते." बसवत नाही गं. (हो, तुझी माळ्यावरची ऋतुजा आता माझ्याकडे आहे. ते पुढे सांगते.) म्हणून हे ओट्याशी उभी राहून लिहिते आहे.

तुझ्या अंत्यविधीला मी बोलले होते. आदल्या दिवशी इराचा फोन आला. तुझी लेक माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलते, तशीच बोलली. "मावशी, तू बोलशील ना?" मी विचारलं, कुठल्या भाषेत? जरा थांबून म्हणाली, "एनीथिंग बट इंग्लिश. शी वुड हाँट अस." मग मी मराठीत बोलले. त्या पांढऱ्या हॉलमध्ये मराठी कळणारी चार टाळकी होती, आणि बाकीचे सगळे हात मांडीवर ठेवून, मान किंचित कलती करून, एक शब्द न कळता शेवटपर्यंत ऐकत राहिले. तू किती प्रेमळ, किती जणांना आधार दिलास, तुझ्या हातची भरली वांगी. सगळं खरं आणि सगळं गोड. नंतर कॉफी आणि केक. तुला आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, "मेघना, मी कधी एवढी गुळगुळीत होते?"

म्हणून उरलेलं आता.

मी या विद्यापीठात आले त्या पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये एकटी बसले होते. ताटलीत दोन स्लाइस ब्रेड, मध्ये एक चीजचा तुकडा, आणि बाजूला ताक. इथे दुपारचं जेवण म्हणजे हेच, हे कळल्याचा धक्का पचवत होते. तू समोर येऊन बसलीस, पर्समधून एक डबी काढलीस आणि न विचारता माझ्या ताकात जिरेमीठ घातलंस.

"ठाण्याची का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोलण्यावरून. आणि आधी ते 'तुम्ही' काढ. इथे डीनलासुद्धा नावाने हाक मारतात."

मी 'ताई' ठेवलं आणि 'तू' घेतलं. तेव्हापासून दर मंगळवारी आपण त्याच टेबलावर जेवलो, आणि बहुतेक दर मंगळवारी भांडलो. आजूबाजूच्या लोकांना वाटायचं, आपण कायम भांडतच असतो. आपल्याबरोबर शिकवणाऱ्या योस्टने तुला एकदा विचारलं होतं ना, की तुम्ही दोघी एवढ्या कशावरून तापलात? आणि आपण तेव्हा पोह्यात बटाटा असावा की नसावा एवढंच बोलत होतो.

या विद्यापीठाचा इतिहास मला कुठल्या पुस्तकातून नाही, तुझ्या पायांनी कळला. तू व्यापाराचा इतिहास शिकवायचीस. विषय ऐच्छिक, मुलं मोजकी. पण सप्टेंबरात नवी बॅच आली, सारख्या रंगाचे टी-शर्ट घातलेली ती उंच पोरं गात, ओरडत गावभर हिंडायला लागली, की तू त्यातली जेवढी हाताला लागतील तेवढी घेऊन गावातून चालत निघायचीस. पहिल्या वर्षी मीही तुमच्या मागोमाग आले. नदीकाठच्या धान्याच्या वखारीसमोर तू थांबलीस. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत. तू वरच्या मजल्याकडे बोट केलंस. गावातल्या व्यापाऱ्यांनी तिथे संध्याकाळची शाळा काढली होती, दुकानं बंद झाल्यावर कारकून आणि दुकानदारांची पोरं जिना चढून यायची. हिशेब, व्यापारी पत्रं, आणि नदीच्या वरच्या अंगाला गिऱ्हाईक होतं म्हणून थोडं जर्मन. नंतर बायकांना प्रवेश मिळाला तो शेवटच्या बाकावर. "पण शेगडी मागे होती," तू म्हणालीस. "सगळ्यात उबेची जागा त्यांना मिळाली, देणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही." पोरं हसली. तू हसली नव्हतीस.

मग स्टेशनजवळची विटांची इमारत. युद्धात ती सैन्याने घेतली तेव्हा वर्ग लोकांच्या दिवाणखान्यांत भरले, ते सांगताना तू एका साध्या घरासमोर उभी राहायचीस आणि आतली बाई दरवर्षी खिडकीतून हात हलवायची. मग गावाबाहेर, पाणी काढून कोरड्या केलेल्या कुरणावर उभं राहिलेलं काँक्रीटचं कॅम्पस. पार्किंगचा मागचा कोपरा अजून खचतो, त्याचा तुला का कोण जाणे आनंद व्हायचा. आणि शेवटी आपली काचेची इमारत, दारावर इंग्रजी नाव. तिथे तू स्वेटरची बटणं लावायचीस आणि म्हणायचीस, "इथून पुढचा इतिहास डॉक्टर मेघना सांगतील."

तू टोमणा मारायचीस. मला तो टोमणा आहे हे कळायला वर्षं गेली.

कारण तुझी वाट निराळी आणि माझी निराळी. तू सांगलीच्या मराठी शाळेतली, बी.कॉम. करून लग्न झालं, विलासरावांची आइंडहोवनची नोकरी, मग आर्नहेमची. इरा बाबागाडीत. तुझ्या बी.कॉम.ची इथे कुणी दखल घेतली नाही, तेव्हा अठरा वर्षांच्या पोरांबरोबर तू पहिल्या वर्षाला बसलीस. सगळं डचमध्ये. पहिल्या परीक्षेत नापास, दुसऱ्यांदा नापास. विषय येत होता, प्रश्न कळत नव्हता. तिसऱ्यांदा पास झालीस आणि मग या गावातून तुला कुणी हलवू शकलं नाही. मी मात्र इंग्लंडमध्ये पीएच.डी. करून, मुलाखत इंग्रजीत देऊन, इंग्रजी अभ्यासक्रम उभा करायला म्हणून आले. माझ्या वर्गात ब्राझीलची मुलं, नायजेरियाची, रुमानियाची, नाशिकची. डच मला लागलं ते बाजारात आणि डॉक्टरकडे. तिथेही मी अडखळले की समोरचा लगेच इंग्रजीवर यायचा, आणि मीही सुटल्यासारखी त्याच्या मागोमाग.

"अकरा वर्षं झाली," तू गेल्या हिवाळ्यात म्हणालीस. "अजून तू इथे पाहुणी आहेस."

"कर भरते, घर घेतलंय. पाहुणी कशी?"

"पाहुण्यांशी लोक नीट वागतात, मेघना. तुझ्याशी सगळे नीट वागतात."

हे वाक्य मला किती लागलं ते तुला मी कधी सांगितलं नाही. त्या आठवड्यात अ‍ॅमस्टेलव्हीनला मावसबहिणीकडे गेले, तिच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींत दिवसभर बसले, पुरणपोळी खाल्ली, आणि परतीच्या गाडीत वाटलं, ही तरी माझी जागा कुठे आहे? तू तर अ‍ॅमस्टेलव्हीनला नेदरलँड्सची डोंबिवली म्हणायचीस. तुला तिथे कधी करमलं नाही. मला कुठेच करमत नाही असं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

आणि मग तो ठराव आला.

माझा इंग्रजी अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करायचा आणि पदवीचं सगळं शिक्षण पुन्हा डचमध्ये न्यायचं. देशभर तेच वारं होतं, आपल्याकडे ते पोचणार हे दिसत होतं. आपल्या विद्याशाखेच्या परिषदेने मत द्यायचं होतं. मी निर्धास्त होते. परिषदेत तू होतीस. तूच तर दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या वेळी माझं नाव तुझ्या खाली घातलं होतंस. "मला काही झालं तर तू बसशील," असं हसत म्हणाली होतीस. अर्थ एवढाच होता की, तू इराकडे सुट्टीला गेलीस तर.

मे महिन्यात प्राथमिक चर्चा झाली तेव्हा मी भिंतीकडच्या खुर्च्यांवर, ऐकणाऱ्यांत होते. तू बोलायला उभी राहिलीस आणि ठरावाच्या बाजूने बोललीस. इतकं चांगलं बोललीस की माझ्यासारख्या अर्धवट डच कळणाऱ्या बाईलाही प्रत्येक शब्द कळला. सगळ्यांत वाईट तेच होतं.

कँटीनमध्ये मी ताट आपटलं. त्या दिवशी आपण पोह्यांवरून भांडत नव्हतो.

"तू माझ्या पोटावर पाय देते आहेस, ताई."

"तुझी नोकरी जाणार नाही. तुला डच शिकून त्यात शिकवावं लागेल."

"या वयात?"

"मी कुठल्या वयात शिकले?"

"तुझ्या मनात आपल्याकडच्या इंग्रजी शाळांचा राग आहे. कॉन्व्हेंटवाल्यांचा. तो तू इथे काढते आहेस."

तू चमचा खाली ठेवलास. "असेल. राग आहे म्हणून मुद्दा खोटा होतो का?" आणि मग त्या मुलीचं सांगितलंस. शेजारच्या खेड्यातल्या प्लंबरची लेक, हुशार, हौसेने आली आणि दिवाळीच्या सुमारास सोडून गेली. गटचर्चेत बाकीची पोरं भराभर इंग्रजी झाडायची, ही घरी जाऊन रडायची. "ही शाळा तिच्या खापरपणजोबांसाठी काढली होती. आज तिलाच इथे परकं वाटतं."

"आणि माझ्या वर्गातली ऋतुजा? तिला तूच घरात ठेवलंयस. ठेवतेस घरात आणि मत तिच्या विरोधात?"

"म्हणूनच," तू म्हणालीस. "माझ्या माळ्यावर एक गादी मावते. विद्यापीठ बोलावताना गाद्या मोजत नाही. पोरी कर्ज काढून येतात आणि कँपिंगच्या तंबूत राहतात. त्यांना कोण विचारतं? जाहिरातीत फक्त काचेची इमारत असते."

मी म्हटलं, मग घरं बांधा म्हणून भांड, दार का लावतेस? तू म्हणालीस, घरं मागून मागून थकले. मी म्हटलं, आपल्याकडेही असंच बोलतात, बाहेरच्यांनी भाषा शिकावी नाहीतर जावं, आणि तेव्हा तू काय म्हणायचीस? तू डबीचं झाकण लावलंस. मग म्हणालीस, "याला उत्तर आहे माझ्याकडे. नीट जुळवून सांगते."

ते उत्तर राहिलं. शैलाताई, बाकी सगळं समजून घेईन, पण ते उत्तर तू माझं देणं लागतेस.

शनिवारी तुझा फोन आला. मी जरा फुगूनच घेतला. "अ‍ॅमस्टेलव्हीनला जाणार असशील तर कुकरची रिंग आण. पाच लिटरची. आणि विचार कर."

"कशाचा?"

"रिंगचा नव्हे."

सोमवारी सकाळी बागेतली कुंडी सरकवताना तू पडलीस. ऋतुजा वरून धावत आली, तिने रुग्णवाहिका बोलावली, छाती दाबत राहिली. तिला त्यांच्या फोनवरच्या सूचना डचमध्ये ऐकू येत होत्या आणि मग तिकडच्या बाईने इंग्रजी सुरू केलं. हे ती मला पुन्हा पुन्हा सांगते, जणू त्या मधल्या काही क्षणांत तू निसटलीस. डॉक्टर म्हणाले, काही उपयोग झाला नसता, तू पडतानाच गेली होतीस. ऋतुजा अजून मानत नाही. बघ, मुद्दा घेऊन वर जातानासुद्धा कुणाच्या तरी डोक्यात किडा सोडून गेलीस.

घर विकायचं ठरलं. इराचं सगळं आइंडहोवनला, इथे तिला येणं शक्य नाही. आवराआवर करायला मी गेले तेव्हा ऋतुजा माळ्यावर बॅग भरून बसली होती. दोन आठवड्यांसाठी म्हणून सप्टेंबरात आलेली पोर, अजून खोली मिळालेली नाही. इरा कसनुशी होऊन म्हणाली, "आय डोंट नो व्हॉट टु टेल हर." मी म्हटलं, सांगायचं काय त्यात, चल माझ्याकडे. माझ्या अभ्यासाच्या खोलीतलं टेबल आम्ही बेडरूममध्ये सरकवलं. तिच्याबरोबर तुझा कुकरही आला, इराने दिला. रिंग मी आणलेली होतीच. बसली बरोबर. पहिल्यांदा शिट्टी झाली तेव्हा आम्ही दोघी आपापल्या खोलीत रडत होतो आणि वरणाची डाळ लागली.

त्यानंतर परिषदेच्या सचिवांचा निरोप आला. नियमाप्रमाणे रिकाम्या जागेवर पुढचा उमेदवार येतो. गणित सोपं होतं. तू असतीस तर ठराव एका मताने पास. तुझ्या जागी मी, म्हणजे एका मताने नापास. मी तटस्थ राहिले तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की निर्णय डीनचा. डीन कुठल्या बाजूचा ते सगळ्यांना ठाऊक.

योस्ट मला कॉफीमशीनपाशी गाठायला आला. दर गुरुवारी तुझ्याबरोबर जेवणारा, कॉस्टिंग शिकवणारा तुझा योस्ट. अंत्यविधीला तो सगळ्यांत मागे उभा होता आणि सगळ्यांत जास्त रडला होता. इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाला, "मेघना, योग्य काय ते तुला कळतंच. निदान तटस्थ राहा. ते मत तिचं आहे."

मी म्हटलं, विचार करते. केलाही. खोटं नाही सांगत, एक पूर्ण दिवस मी तुझ्या बाजूने मत द्यायचं ठरवलं होतं. तुझ्यासाठी. मग सायकलवरून येताना तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला, कुणी श्रद्धांजली म्हणून काही करायला लागलं की व्हायचा तसा. विलासराव गेल्यावर त्यांच्या ऑफिसातल्या एकाने त्यांची आवडती योजना न पटताही पुढे रेटली होती, तर तू त्याला घरी बोलावून झापलं होतंस. "मेलेल्या माणसाला वाद जिंकून देऊ नये. तो त्याचा अपमान आहे." मग तटस्थ राहायचं ठरवलं. पण तटस्थ राहणं म्हणजे तुझ्या बाजूने मत देऊन हात धुऊन घेणं. ते तर तुला मुळीच चाललं नसतं.

मला काय पटतं? मला पटतं की ती नायजेरियाची आणि नाशिकची मुलं या गावाचं नुकसान करत नाहीत. प्लंबरच्या मुलीला सांभाळायचा दुसरा रस्ता असला पाहिजे, तो आपण शोधला नाही, तू नाहीस आणि मीही नाही. दार लावणं हा आळशी माणसाचा उपाय आहे. तू आळशी नव्हतीस, थकली होतीस. हे मला तुझ्यासमोर बोलायचं होतं. त्या दिवशी कँटीनमध्ये सुचलं नाही.

आज दुपारी बैठक झाली. तुझी खुर्ची खिडकीकडची, मागे उन्हाचा कवडसा, पाठ भाजते. तू तिथेच का बसायचीस ते बसल्यावर कळलं; काचेच्या त्या इमारतीत ऊब मिळणारी ती एकच जागा आहे. अध्यक्षबाईंनी आधी तुझ्यासाठी सगळ्यांना उभं केलं. मग आम्ही बसलो आणि हात वर करून मतं घेतली. ठरावाच्या बाजूचे हात वर झाले तेव्हा मी टेबलाकडे बघत होते. विरोधात कोण म्हटल्यावर माझा हात वर गेला. लगेच गेला. मला वाटलं होतं जड होईल, झाला नाही, आणि त्याचंच आता दुःख होतं आहे. मी आणखी एक गोष्ट मांडली, की पहिल्या वर्षाला गावातल्या मुलांसाठी डचमधले गट ठेवावेत आणि जेवढ्या खोल्या मिळतील तेवढेच परदेशी प्रवेश द्यावेत. अध्यक्षबाई म्हणाल्या, पुढच्या बैठकीत घेऊ. म्हणजे काय होतं ते तुला माहीत आहे.

संपल्यावर दोघा-तिघांनी खांदा थोपटला. इराला मेसेज केला, तिचं लगेच उत्तर आलं, "ममा वुड बी फ्युरियस." मी खाली सायकलींच्या शेडमध्ये गेले तर योस्ट कुलपाशी झटापट करत होता. मला बघून त्याने मान खाली घातली आणि कुलपालाच सांगावं तसं डचमध्ये पुटपुटला, "निर्लज्ज."

त्याला वाटलं, मला कळणार नाही.

"कोण?" मी विचारलं. डचमध्ये.

तो दचकला. लगेच इंग्रजीवर आला. सॉरी, आय डिडन्ट मीन. मी म्हटलं, नाही, तुला तेच म्हणायचं होतं, तर तसंच बोल. तेही डचमध्ये. ताई, मी ठरवून केलं नाही. रागाने झालं. तो इंग्रजीत बोलायचा, मी डचमध्ये उत्तर द्यायची. तो पुन्हा इंग्रजीत, मी पुन्हा डचमध्ये, शब्द सापडला नाही की हाताने. शेवटी त्याचाही पारा चढला आणि तो त्याच्या भाषेत सुटला, भराभर, माझ्यासाठी जराही सावकाश न करता.

म्हणाला, "शैलाला तुझी लाज वाटली असती."

"राग आला असता," मी म्हटलं. "लाज नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत, तुमच्या भाषेतसुद्धा."

"तिने आयुष्य घातलं या जागेसाठी. तू आणि तुझे विद्यार्थी दोन वर्षं राहता आणि निघून जाता."

"मी कुठे गेले? अकरा वर्षं समोर बसून जेवते आहे. तिने मला तिथे बसवलं, तू नाही. तू म्हणतोस ते मत तिचं. ती मत नव्हती, योस्ट. ती मैत्रीण होती. तुझी गुरुवारी आणि माझी मंगळवारी."

'तटस्थ'ला डचमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी 'तोंडाला कुलूप' म्हणाले, त्याच्या हातातल्या कुलपाकडे बोट दाखवून. एरवी तो हसला असता. एका वाक्यात मी कुठेतरी लिंग चुकवलं, तर भांडणाच्या भरात त्या मास्तराने ते दुरुस्त केलं. मी ओरडले, "कळलं ना तुला? मग गप्प बस!" आणि तो गप्प बसला. पहिल्या वर्षाची दोन पोरं सायकली काढायला आली होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

मग योस्टचे डोळे भरले. माझेही. पण आम्ही मिठी वगैरे मारली नाही, मिटलंही नाही काही. तो सायकलवर बसला आणि म्हणाला, पुढच्या बैठकीत मी ठराव पुन्हा आणणार. मी म्हटलं, आण, मुदत संपेपर्यंत मी त्याच खुर्चीवर आहे, कुठे जात नाहीये. तो गेला. मला आधी तुला फोन करावासा वाटला. अगं, मी डचमध्ये भांडले, सबंध भांडण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोन हातात घेतलाही.

व्याकरण चुकलं, ते मलाही कळतं. मुद्दा चुकला नाही असं मी धरून चालले आहे. तू म्हणाली असतीस, दोन्ही चुकलं. मग मी म्हणाले असते, दाखव कुठे. आणि तू डबी उघडून, खुर्ची पुढे ओढून, दाखवायला सुरुवात केली असतीस.